भोयरांच्या घरातला रिकामा रकाना

संशोधन समाजाच्या कल्याणासाठी करायचं असतं, असं विद्यापीठांच्या नियमावलीत पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. समाजाला ही गोष्ट कळवण्याची तरतूद मात्र पुढच्या कुठल्याच पानावर नसते, आणि एका अर्थी ते बरंच आहे. प्रबंध लिहिला जातो, त्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी होते, वर सोनेरी अक्षरं चढतात, व्हायवाच्या दिवशी परीक्षकांना जेवू घातलं जातं, आणि मग तो ग्रंथालयाच्या कपाटात निवांत पडून राहतो. या उत्तम व्यवस्थेमुळे आजवर समाजाच्या केसालाही धक्का लागलेला नाही. अपवाद एकच. दारव्हा तालुक्यातल्या बोरखेडीच्या निशिगंधा नानाजी भोयर हिचा प्रबंध एका माणसानं चक्क शेवटच्या पानापर्यंत वाचला, आणि वाचून थांबला नाही, तर त्याची अंमलबजावणी करायला घेतली. तो माणूस म्हणजे तिचे वडील.

विषय होता ‘ग्रामीण कुटुंबातील धर्म, राजकारण आणि अस्मिता यांचे परस्परसंबंध : एक चिकित्सक अभ्यास’. (‘चिकित्सक’ हा शब्द नसेल तर विषय मंजूर होत नाही. असला, तर तो का आहे हे कोणी विचारत नाही.) निशिगंधाला आधी अख्खा यवतमाळ जिल्हा घ्यायचा होता, पार उमरखेडपर्यंत. तिचे मार्गदर्शक गावंडे सर म्हणाले, “एवढा जिल्हा कायले घेते? एकच घर घे, पन खोल जा.” एकच घर म्हटल्यावर स्वतःचंच घेणं सोयीचं होतं, कारण तिथं जेवणाची व्यवस्था होती. समितीतल्या एका सदस्यानं हरकत घेतली, की संशोधकानं आपल्याच घराचा अभ्यास केला तर तटस्थता कुठे राहिली? गावंडे सरांनी शांतपणे सांगितलं, की उमेदवार मुलगी आहे, आज ना उद्या दुसऱ्या घरी जाणार, म्हणजे ती या घरची कायम सदस्य नाहीच. समितीला हे शंभर टक्के पटलं. निशिगंधालाही त्या दिवशी आनंदच झाला. विषय मंजूर झाला होता ना!

आता या घराविषयी. भोयरांच्या घरात पक्ष हा आवडीचा विषय नाही, वाटणीचा आहे. पूर्वी सगळं घर एकगठ्ठा एकाच पक्षात असे. मग एका हिवाळ्यात त्यांच्या शेताकडची विजेची डीपी जळाली आणि राज्य नेमकं दुसऱ्यांचं. डीपी जळाली की मोटार बंद, मोटार बंद की ओलीत बंद. नानाजींनी अर्ज दिले, पाया पडले, साहेबाच्या घरी तुरीच्या शेंगांचं पोतं पोचतं केलं (ते स्वीकारलं गेलं), आणि हरभरा उभ्या उभ्या वाळला. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याची डीपी मात्र आठवड्यात बसली, कारण त्याचा साळा त्या पक्षात होता. त्या दिवशी नानाजींना लोकशाहीचा अर्थ कळला. घरात प्रत्येक पक्षाचा एक माणूस असलाच पाहिजे.

तेव्हापासून दर निवडणुकीआधी सगळे ओसरीवर बसतात, निशिगंधाची आई विमलताई चहा करतात, आणि नानाजी वावराची वाटणी करावी तशी पक्षांची वाटणी करतात. कोणी कुरकुर केली तर म्हणतात, “पुढच्या टायमाले बदलून देतो.” ते आजवर कोणाला बदलून दिलेलं नाही. प्रचाराच्या दिवसांत सख्खे भाऊ चौकात एकमेकांचे वाभाडे काढतात आणि संध्याकाळी एका ताटात भाकर मोडतात. गाव याला संस्कार म्हणतं.

पक्षांची खरी नावं प्रबंधात घालता येईनात, कारण संशोधनाची नीतिमत्ता आड आली. (गावंडे सरांच्या बदलीच्या भीतीचीही थोडी आडकाठी होती.) म्हणून निशिगंधानं पक्षांना पिकांची नावं दिली. नानाजींकडे कापूस पक्ष. त्यांचे धाकटे भाऊ पंजाबराव यांच्याकडे सोयाबीन. पंजाबरावांची बायको कौसल्याकाकू यांच्या गळ्यात तूर पक्ष मारलेला होता. तूर हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात फाटका पक्ष. दरवेळी अनामत घालवतो, पण उद्याचं कोणी सांगावं, म्हणून तो घराबाहेर जाऊ दिलेला नव्हता. (काकूंना विचारलं नव्हतं. सांगितलं मात्र होतं.) विमलताईंकडे कुठलाच पक्ष नव्हता. सगळ्या पक्षांच्या लोकांना सारखाच चहा पाजण्याची नाजूक जबाबदारी त्यांच्याकडे होती.

अभ्यास रंगात आला आणि सोयाबीन पक्ष फुटला. दोन्ही गट म्हणू लागले की अस्सल सोयाबीन आम्हीच. नानाजींनी एका संध्याकाळी निशिगंधाचा थोरला भाऊ अमर याला दुसऱ्या गटात पाठवून प्रश्न मिटवला, पण माणूस आणि त्याचा पक्ष असा निशिगंधानं आखलेला तक्ता कोलमडला. गावंडे सर म्हणाले, “थांब जरा. अजून फुटू दे, मंग एकदाच टाईप कर.” यात वर्ष गेलं. सरांची दूरदृष्टी खरी ठरली, कारण मधल्या काळात कापूसही फुटायला आला होता, तो थोडक्यात सावरला.

धर्माच्या रकान्यात वरवर पाहता सगळ्यांचा धर्म एकच होता. खोल गेल्यावर दिसलं, की तोही वाटलेला आहे. काकूंकडे तालुक्यातल्या माउलींचा सत्संग, पंजाबरावांकडे उरुसात दर्ग्याची चादर धरण्याचा मान, अमरकडे गणेश मंडळ आणि बंजारा तांड्यावर तीजेच्या सणाला हजेरी. नानाजी सगळीकडे उशिरा जात आणि सगळीकडे हात जोडत. प्रत्येक देवामागे माणसं असतात, माणसांमागे मतं आणि मतांमागे डीपी, ही साखळी निशिगंधानं आकृतीसह मांडली. ती आकृती विद्यापीठात फार नावाजली गेली.

अस्मितेचा प्रश्न होता : ‘आपण स्वतःला प्रथम कोण समजता?’ नानाजींनी प्रश्न दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, “इचारून कोन राह्यलं, त्यावर आहे.” बँकेत ते अल्पभूधारक, मोर्चात भूमिपुत्र, दाखल्यावर जो प्रवर्ग त्या महिन्यात फायद्याचा तो, आणि सोयरिकीच्या बोलणीत एकदम देशमुखांच्या जवळचे. परीक्षेत यालाच बहुविध अस्मिता म्हणतात आणि त्याला पूर्ण गुण मिळतात.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घात केला सातव्या प्रकरणानं. प्रबंधाच्या शेवटी शिफारशी लागतात आणि त्या किमान पाच असाव्या लागतात. त्या कोणाला करायच्या हे ठरलेलं नसल्यानं संशोधक मोकळेपणानं लिहितात. निशिगंधानं तक्त्याकडे पाहिलं. ज्वारी नावाचा एक नवा पक्ष जिल्ह्यात जोर धरत होता आणि घरात त्याचं कोणीच नव्हतं. तो रकाना रिकामा. तिनं रात्रीच्या जागरणाला स्मरून शिफारस क्रमांक चार खरडली : ‘प्रतिनिधित्वापासून वंचित राहिलेल्या प्रवाहांना कुटुंबात सन्मानाने सामावून घ्यावे.’ अशी वाक्यं लिहिताना माणूस त्यांचा अर्थ लावत नाही. तशी प्रथाच नाही.

नानाजींनी लावला. प्रबंधाची एक प्रत घरी आली होती. ती त्यांनी दुपारच्या उन्हात, लिंबाखाली खाट टाकून, महिनाभर वाचली. (गावंडे सर तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचले होते.) पोरीनं लिहिलेली ओळन् ओळ त्यांनी वाचली, समजली नाही तिथं परत वाचली, आणि पारावर सगळ्यांना सांगितलं, “माह्या पोरीनं घर उकलून मांडलं बाप्पा, घड्याळवाल्यावानी.” अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला होता, हे मान्य केलंच पाहिजे. मग ते ज्वारीपाशी आले.

“निशी, हे तू बरोब्बर धरलं,” ते जेवताना म्हणाले. “माह्या डोयासमोर होतं आन् मले दिसलं नाही.”

“बाबा, ते लिहा लागते. विद्यापीठ मांगते.”

“तं मंग! विद्यापीठ फुकट मांगीन काय?”

पुढचा विचार त्यांनी एकट्यानं आणि अगदी शास्त्रशुद्ध केला. घरात माणूस दोनच वाटांनी येतो, जन्मानं आणि लग्नानं. जन्मानं आलेल्याला मतदार व्हायला अठरा वर्षं लागतात, तोवर ज्वारी पक्ष राहील की नाही सांगता येत नाही. राहिलं लग्न. अमरसाठी ज्वारीवाल्यांची मुलगी आणावी, तर सून सासरचा पक्ष घेते. जावई मात्र आपला पक्ष घेऊनच येतो. म्हणजे शिफारस क्रमांक चार फक्त एकाच माणसावर लागू होत होती, आणि तीच ती लिहिणारी होती.

आठवडाभरात घाटंजीचं स्थळ आलं. किसनराव म्हणून बडे कास्तकार, त्यांचा धाकटा कपिल. ज्वारी पक्षाचा तालुका युवक उपाध्यक्ष. रंगानं बरा, बोलायला बेताचा, फ्लेक्सवर उजवीकडून तिसरा.

निशिगंधाला हे ताटावर बसल्यावर कळलं. “बाबा, मले सांगा, तुमच्या त्या तक्त्यात मी कुठी आहो? कोन्या रकान्यात?”

नानाजी खरोखरच गोंधळले. त्यांनी प्रबंध उघडून पाहिला. “तू? तू तं लिहिनारी.”

“आन् लिहून झाल्यावर?”

“मंग रकाना भरनारी,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोट नव्हती, आणि तेच तिला जास्त लागलं. ती ताटावरून उठली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. सहा वर्षं तिनं या घरातल्या प्रत्येकाचं दुःख, देव आणि पक्ष टाईप केला होता. तिचं नाव फक्त मुखपृष्ठावर होतं.

विमलताई मागोमाग आत आल्या. समजूत घालायला म्हणूनच आल्या असाव्यात. “मलेबी असंच आनलं होतं व माय. तुह्या आज्याले पानीपुरोठ्याच्या कमिटीत मानूस पाह्यजे होता. माह्ये बाबा त्या कमिटीत होते.”

“मंग आलं पानी?”

“आलं ना. मीच आनत होती, इहिरीवरून.”

व्हायवाची तारीख आली. नानाजींनी हिशेब मांडला, की मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला लागणारी प्रत्येक गोष्ट तिथं आधीच आहे. मुलगी नेटकी साडी नेसून समोर उभी राहते, अनोळखी माणसं तिला प्रश्न विचारतात, ती खाली न बघता उत्तरं देते, आणि शेवटी सगळे मिळून खातात. शिवाय व्हायवा खुली असते, उपस्थितांपैकी कोणालाही प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. दोन कार्यक्रम, एकच नाश्ता! त्यांनी किसनरावांना यवतमाळलाच बोलावून घेतलं.

महाविद्यालयाच्या सभागृहात पुढच्या रांगेत बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक मॅडम आणि गावंडे सर बसले. मागच्या दोन रांगांत डावीकडे भोयर, उजवीकडे किसनराव, कपिल आणि त्यांची मंडळी. निशिगंधानं अर्धा तास सादरीकरण केलं. आकृतीला मॅडमनी मान डोलावली. किसनरावांनीही डोलावली, कारण मॅडमनी डोलावली होती. मग प्रश्न खुले झाले आणि पहिला हात किसनरावांचाच वर गेला.

“सैंपाक येते काय?”

गावंडे सरांनी हा प्रश्न ‘सभागृहातून आलेले प्रश्न’ या शीर्षकाखाली रीतसर नोंदवला.

“येते,” निशिगंधा म्हणाली. “पण तो प्रस्तुत अभ्यासाच्या व्याप्तीत येत नाही.”

मॅडमना हे उत्तर आवडलं. त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, “तुमच्या संशोधनाच्या मर्यादा काय?” याचं उत्तर देशभर एकच आहे : नमुना लहान होता, वेळ अपुरा होता, पुढील संशोधकांना वाव आहे. निशिगंधालाही ते पाठ होतं. तिनं तोंड उघडलं आणि मागे बसलेल्या कपिलचे नवे बूट तिला दिसले.

“मॅडम, मर्यादा अशी आहे, की माझं सातवं प्रकरण मागच्या रांगेत बूट घालून बसलं आहे.” सभागृहात कुजबुज झाली. तिचा आवाज चढला आणि प्रमाण भाषा कधी सुटली ते तिलाच कळलं नाही. “मी सहा वर्षं सगळ्याइले इचारलं, तुम्ही कोन्या पक्षात, कोन्या देवाले, कोन्या जातीत. तुमाले आवडते काय, हे एकालेबी इचारलं नाही. तसा रकानाच केला नाही. आन् मलेबी कोनं इचारलं नाही. मले हे लगन नाही कराचं. हे माह्या संशोधनाची मर्यादा.”

मॅडम मुरलेल्या परीक्षक होत्या. उणीव दिसली की ती तिथल्या तिथे भरून घ्यायची, असा त्यांचा नियम. त्या मागे वळल्या आणि पंजाबरावांना विचारलं, “काका, तुम्हाला स्वतःला कोणता पक्ष आवडतो?”

पंजाबराव उठून उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. “खरं सांगू काय?” ते शेवटी म्हणाले, भावाकडे न बघता. “तूर.”

“मलेबी,” अमर म्हणाला. “लहानपनापासून.”

नानाजींनी दोघांकडे असं पाहिलं, जसं काही बैलजोडीनं बोलायला सुरुवात केली होती. मॅडमनी तोच प्रश्न त्यांना केला. पोराबाळांचं, भावाचं, घराचं सगळं ठरवणारा हा माणूस खुर्चीत चुळबुळत राहिला. “मले कोनं इचारलंच नाही आजवर,” ते पुटपुटले. मग अगदी हळू, “पन तुरीचे लोक इमानदार आहेत, हे मान्य करा लागीन.”

विमलताईंनी चिवड्याच्या प्लेटा भरता भरता होकाराची मान हलवली. कौसल्याकाकू तर हसू लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी तं हावोच तुरीत! तुमी मले फालतू म्हनून देल्ली होती ना? मले तेच पाह्यजे होती. सांगतलं असतं तं काढून घेतली असती.” किसनरावांनी घसा खाकरून आपलाही कल तिकडेच असल्याचं सांगितलं. गावंडे सरांचा हात अर्धा वर गेला होता, तो त्यांनी केस नीट करण्याकडे वळवला. जो पक्ष दरवेळी अनामत घालवतो, तो त्या सभागृहात जवळजवळ बिनविरोध निवडून आला होता. त्याच्यावर जीव असलेली सगळी माणसं फक्त इतरत्र कामाला लावलेली होती.

राहिला कपिल. मॅडमनी त्याला विचारलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, “मोठ्या भावाले कापूस भेटला, मले ज्वारी आली. माह्यं मन तुरीतच आहे, पन घरी सांगू नका.” त्याचे वडील शेजारीच बसले होते.

नानाजी ताडकन उभे राहिले. “म्हंजे हा पोट्टा ज्वारीचा नाहीच!”

“बाबा, मी म्हटलं ना, मले लगन नाही—”

“तू थांब. आधी हे पाहू दे.” ते किसनरावांकडे वळले. “पाहुने, माफ करा. आमचा रकाना ज्वारीचा आहे. तूर आमच्याकडे आधीच लय झाली.” सोयरीक तिथल्या तिथे मोडली. पुढच्याच मिनिटाला मॅडमनी निशिगंधा भोयर यांना विद्यावाचस्पती पदवी देण्याची शिफारस केली आणि टाळ्या झाल्या. निशिगंधा सुटली होती. मात्र ती ‘नाही’ म्हणाली म्हणून सुटली नव्हती, तर माहिती अविश्वसनीय निघाली म्हणून. हे तिला टाळ्यांमध्येच कळलं. तिनं चिवडा खाल्ला नाही.

कोणाला वाटेल, एवढं उघड झाल्यावर भोयरांचं घर एकमुखानं तुरीत गेलं असेल. अजिबात नाही. पुढच्या निवडणुकीआधी सगळे परत ओसरीवर बसले. नानाजींनी समजावलं, की आवडीनं वागलो तर सारे एकाच पक्षात जाऊ, आणि मग डीपीचं काय? मुद्दा बिनतोड होता. त्या दिवशी निशिगंधा यवतमाळहून आली होती. आता ती तिथं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तासाला बोलावतात आणि महिन्याला विसरतात. ती पहिल्यांदाच त्या बैठकीत बसली आणि म्हणाली, “मले तूर द्या.”

“ते काकूकडे आहे,” नानाजी म्हणाले. “एका मानसाले एक.”

“घे माय, अर्धी घे,” काकू म्हणाल्या.

नानाजींनी थोडा विचार केला आणि तुरीनं तसंही कोणाचं नुकसान होत नाही, म्हणून परवानगी दिली. निवडणूक झाली. तुरीची अनामत गेली. निशिगंधा त्या दिवशी उगाचच खूष होती.

ज्वारीचा रकाना अजून रिकामा आहे. नानाजी मनापासून ज्वारी आवडणारा माणूस जिल्हाभर शोधत आहेत. दिग्रसपासून वणीपर्यंत जे जे भेटले ते वाटणीत आलेले निघाले, त्यांतले दोन तर ज्वारीच्याच व्यासपीठावर बसणारे होते. आता ही कथा वाचता वाचता आपणही आपल्या घरातल्या मंडळींना मनातल्या मनात रकान्यांत बसवून टाकलंच असेल. बसवलं नसेल तर आपला तो पेपर वाचणारा मामा कोणत्या पक्षाचा, हे आपल्याला आत्ता कसं आठवलं? तेव्हा आपल्या घरात ज्वारीचा कोणी असेल तर जरूर कळवावं. पाठवण्याआधी त्याला एकदा विचारावं, की बाबा रे, तुला हे आवडतं की तुझ्या वाट्याला आलं? त्याला विचारण्याआधी स्वतःला विचारून बघावं. आणि उत्तर फटकन, ठणठणीत, एका शब्दात आलं, तर खूष होऊ नये. त्या सभागृहात ज्यांनी खरं सांगितलं, त्यातल्या बहुतेकांना टोपी काढून परत घालण्याइतका तरी वेळ लागला होता.